आमच्या भिंतीवरचे सिनेमे

मार्च संपत आला की माझ्या नाकाला भिजलेल्या कागदाचा आणि मेथ्यांचा वास येऊ लागतो. खरं तर यवतमाळातल्या आमच्या कॉलनीत आता कुणी कागद भिजवत नाही. रद्दीवाला दारावर येतो, तोलतो आणि घेऊन जातो. तरी शाळेत शेवटच्या पेपरची घंटा झाली, पोरं वह्या भिरकावत फाटकाबाहेर पडली की मी स्टाफरूममध्ये बसल्या जागी नाक वर करते. शेजारच्या जोशीबाई विचारतात, "काय हो, काही जळतंय का?" मी नाही म्हणते. जळत काहीच नसतं, भिजत असतं, पण ते त्यांना कसं सांगायचं?

ढाणकीत, माझ्या माहेरी, आमच्या लहानपणी परीक्षा संपली की घरोघरी जुन्या वह्या, पेपर, पुड्यांचे कागद घमेल्यात भिजत पडायचे. चार-सहा दिवसांनी त्यांचा लगदा व्हायचा. त्यात वाटलेल्या मेथ्या घालून बाया तो उखळात कुटायच्या, उपड्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, थापायच्या, आणि वैशाखाच्या उन्हात वाळवून त्याची टोपली काढायच्या. वर्षभर शिकलेलं सगळं असं टोपलीत जायचं. माझ्या गणिताच्या वहीची टोपली फार मजबूत झाली होती, कारण तिच्यात शाई कमी आणि कोरी पानंच जास्त होती.

पण माझ्या नाकात बसलेला वास वह्यांचा नाही, तो पोस्टरांचा आहे.

आमचं घर बाजाराच्या रस्त्यावर, कोपऱ्याला. सुगी झाली, कापूस विकला गेला, लोकांच्या हातात जरा पैसा खुळखुळू लागला की गावाबाहेरच्या पडीक रानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, तो थेट पावसाळ्याच्या तोंडावर उठायचा. रिळांच्या पेट्या अमरावतीहून एसटीच्या टपावर यायच्या आणि त्यांच्याबरोबर पोस्टरांची गुंडाळी. पोस्टर लावायला गावात सगळ्यात चांगली भिंत आमची. बाजाराला येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड आधी आमच्या भिंतीकडे व्हायचं. त्याबद्दल टॉकीजवाले दर सिनेमाला दोन पास द्यायचे. ते पास बाबा जिनिंगमधल्या सोबत्यांना वाटून टाकायचे. बाबा तिथे कापूस तोलणारे मापारी होते, आणि सिनेमाच्या नावानं त्यांच्या कपाळावर आठी पडायची. कुणी चेष्टा केलीच, की भिंतीवर बाया नाचवता आणि पोरीला तंबूचं तोंड पाहू देत नाही, तर ते म्हणायचे, "भीत बाहेरची हाये. घरातलं घरात."

मी त्या भिंतीच्या आतल्या बाजूला वाढले. बाहेर खळ लावायचा कुंचला फिरला की आत, माझ्या उशाशी, फसक-फसक असा आवाज यायचा. शब्बीरचाचा पोस्टर लावायचे. मैद्याच्या खळीत ते मोरचूद घालायचे, नाहीतर बकऱ्या नायिकेपासून सुरुवात करून खलनायकापर्यंत सगळा सिनेमा खाऊन टाकायच्या. जुन्यावर नवं, नव्यावर अजून नवं. भिंतीवर सिनेमांचे थर चढत जायचे आणि आम्हा पोरांना खालच्या थरात काय होतं ते आठवून आठवून सांगायचं वेड लागायचं. बाकीच्यांचं ते वेड ओसरलं. माझं वाढलं.

हिवाळ्यात पहाटे सडा घालायचं काम माझं. अंगणात घालायचं अर्धं पाणी मी भिंतीवर मारायची. कागद फुगला की नखानं कड सोडवायची आणि हळूहळू, श्वास धरून, खाली ओढत आणायचं. थर सुटताना एक बारीक चरचर व्हायची. ती मला अजून ऐकू येते. आमची भिंत मातीची, त्यामुळे प्रत्येक पोस्टरच्या पाठीला तिची थोडी माती चिकटून यायची. ते गोठ्यातल्या गवतावर वाळवायचं, घड्या घालायच्या, आणि कडुनिंबाचा पाला घालून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. शब्बीरचाचांना कळलं होतं. एकदा त्यांनी न चिकटवलेलं, कोरं करकरीत पोस्टर खिडकीतून आत सरकवलं आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "रख ले बेटी. भीत उखाडू नको, तुह्या बापाले मले जवाब द्याव लागते." तुटलेल्या रिळांचे तुकडेही ते आगपेटीत घालून द्यायचे. उन्हाकडे धरलं की बोटभर पट्टीत नायक एक पाय उचलून उभा. पुढचं पाऊल त्यानं कुठे टाकलं ते मला कधी कळलं नाही, कारण तंबूत मी गेलेच नव्हते.

आज लोक अशा छंदाला छंद म्हणतात. तेव्हा तो नाद होता, आणि पोरीच्या जातीला नाद असणं म्हणजे अंगावर डाग असणं. मुलगे नट-नट्यांचे फोटो वहीत ठेवायचे तर मास्तर एक छडी मारायचे आणि हसायचे. माझ्या मैत्रिणीच्या वहीत एकच फोटो निघाला, तर तिची शाळा सुटली. म्हणून माझी पेटी सदा कुलुपात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःलाच सांगायची. मी चोरी करत नव्हते, कुणाचं काही बुडवत नव्हते, तरी पेटी उघडताना माझे कान गरम व्हायचे.

आणि त्याच भिंतीच्या बाहेर माझी आई मात्र उजळ माथ्यानं सिनेमा वाचायची. आई चौथी शिकलेली. आमच्या आळीतल्या तिच्या वयाच्या बायांत अक्षर ओळखणारी ती एकटी. संध्याकाळी कापूस वेचून आलेल्या बाया आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि कुणीतरी म्हणायचीच, "शोभेची माय, काय लिवलं वं आज?" आई पदर सावरून उभी राहायची, वरची मोठी अक्षरं वाचायची, मग खालची बारीक. तेवढ्यावर कुणाचं भागायचं नाही. मग ती पोस्टरवरच्या तोंडांकडे पाहून गोष्ट रचायची. "हा जो मिशीवाला हाये ना, हा तिचा सख्खा काका. यानंच तिच्या बापाले देशोधडीले लावलं. आन् हे बिचारी त्यालेच राखी बांधते, पाहा." बाया हळहळायच्या. कुणी नवऱ्याबरोबर तंबूत जाऊन आलेली सांगायची की गोष्ट तशी नाहीच, तर बाकीच्या तिलाच गप्प करायच्या. त्यांना आईचा सिनेमा आवडायचा. मला वाटतं, आईलाही तोच आवडायचा. तंबूतला तिनंही पाहिला नव्हता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा यवतमाळचा, नोकरीवाला, घरचे जुन्या वळणाचे. परीक्षेचं केंद्र उमरखेडला होतं. मी मावशीकडे राहून पेपर देत होते, आणि इकडे लग्नाची आवराआवर करताना बाबांनी माझी पेटी उघडली. काय बोलले ते आईनं मला कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की ते म्हणाले, हे सगळं चुलीत घाल, सासरी पेटीत हे निघालं तर पोरगी दुसऱ्या दिवशी परत येईल. रिळांचे तुकडे त्यांनी स्वतःच चुलीत टाकले. ते असे भपकन पेटले की त्यांच्या भुवया होरपळल्या, म्हणून पुढचं काम त्यांनी आईवर सोपवलं.

शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तेव्हा अंगणात मोठं घमेलं होतं. पाणी लाल, निळं, पिवळं, मधेच गुलाबी. वर एक डोळा तरंगत होता. आई उखळाशी बसली होती आणि कोपरापर्यंत तिचे हात रंगले होते. ओरडावंसं वाटत होतं, पण कशाच्या बळावर ओरडणार? जी वस्तू आपल्याजवळ असायलाच नको होती ती गेली म्हणून रडताही येत नाही. आईनं मुसळ थांबवलं नाही. कुटता कुटता म्हणाली, "जाळलं नाई वं म्या. जाळलं असतं त राख झाली असती. टोपल्या करून राह्यली. रुखवतात मांडीन. तुह्यासंगंच येतीन थे सारे."

रुखवत म्हणजे नवरीच्या हातची कला पाहुण्यांसमोर मांडायची. मला ना विणकाम येत होतं ना भरतकाम. माझ्या हातानं गोळा केलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि तीच आई मांडायला निघाली होती. त्या वेळी मला हे समजलं नाही. मला फक्त घमेल्यातला डोळा दिसत होता.

टोपल्या सुरेख झाल्या. सगळी पोस्टरं तिनं भिजवली नव्हती. काहींतून कात्रीनं फुलं, साडीचे काठ, मोर, तळं असं एकेक कापून वरून चिकटवलं होतं. तोंड कुणाचं घेतलं नाही, नाव कशाचं ठेवलं नाही. एवढी हुशारी तिला होती. फक्त एका तोंडाला कात्री लावणं तिच्यानं झालं नाही. शब्बीरचाचांनी दिलेल्या त्या कोऱ्या पोस्टरमधली नाचणारी बाई, उघडे खांदे, डोळे वर लावलेले. पेटीत ते पोस्टर सगळ्यात वर असायचं. ते माझं सगळ्यात लाडकं हे तिला ठाऊक होतं, म्हणजे मी नसताना किल्ली शोधून आईनं पेटी कितीदा तरी उघडली असणार. ते तोंड तिनं सगळ्यात मोठ्या टोपलीच्या तळाला, आतून, अख्खं चिकटवलं आणि वर बुंदीचे लाडू रचले. कोण पाहणार होतं?

लाडू मात्र खाण्यासाठीच असतात. मांडवात वऱ्हाडातल्या बायांनी रुखवताला गराडा घातला, लाडू उचलू लागल्या, आणि बुंदीतून आधी एक भुवई निघाली, मग डोळे, मग तो खांदा. माझ्या मोठ्या नणंदबाईंनी टोपली उचलून उजेडात धरली. "अगं बाई, रुखवतात नाचणारी बाई कोन ठेवली वं?" कुणीतरी हसलं. मग सासूबाई पुढे आल्या आणि हसू थांबलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही, पण प्रश्न मलाच होता. मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते. माझी मान आपोआप खाली गेली.

आई गर्दीतून वाट काढत आली. रंग गेला नव्हता, तिच्या नखांत अजून लाल होतं. तिनं हात जोडले. "माही चूक हाये, विहीणबाई. बाजारातल्या रद्दीतला कागद आनला. पोरीले काही मालूम नाई, ते परीक्षेले गेलती. अन् मले कुठं वाचता येते, काय हाये न् काय नाई थे. अडानी बाई मी. रंग चांगला दिसला, चिपकवला."

सासूबाईंचा चेहरा सैल झाला. अडाणी बाईला माफ करणं सोपं असतं. त्या म्हणाल्या, "असू द्या, होते असं." मोठी टोपली आईनं पदराखाली घेतली आणि ती मांडवाच्या मागे गेली.

आमच्या ओट्यावर बसणाऱ्या बायाही तिथं मांडवात होत्या. त्यांना ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही.

लग्नात नवरीनं लाजायचं असतं, त्यामुळे माझी खाली गेलेली मान सगळ्यांना शोभूनच दिसली असणार. पण मी लाजत नव्हते. मला आईची लाज वाटत होती. तिच्या लाल नखांची, जोडलेल्या हातांची, "अडानी" म्हणताना तिनं मुद्दाम ओढलेल्या सुराची. माझ्यासाठी ती स्वतःला पुसून टाकत होती, आणि मी मनात म्हणत होते, आता हिनं लवकर इथून जावं. तसं वाटलं होतं हे खरं आहे.

ती वेळ निभावून गेली असती तर मी कदाचित विसरले असते. पण असं बोललेलं एका दिवसापुरतं राहत नाही. आई माझ्या सासरी पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी कुठल्याशा लग्नाची पत्रिका तिला मोठ्यानं वाचून दाखवली. मन साफ होतं त्यांचं. आईनं पुरती ऐकली, मध्ये एकदा विचारलं, "अन् मुहूर्त कोनता म्हनता?" वाचून झाल्यावर सासूबाईंनी पत्रिका तिच्या हातात दिली, सुलटी. तिनं ती पाहता पाहता उलटी केली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि भाजी ढवळायला आत वळले. तेव्हापासून माझ्या घरी आल्यावर आईनं पेपराला हात लावला नाही. बसच्या पाट्या ती माझ्या नवऱ्याला विचारायची. मुलीच्या, गार्गीच्या जन्माच्या वेळी माझं अडलं आणि इथल्या दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा कागदावर सही करायला माहेरचं माणूस म्हणून आईला पुढे केलं. शेजारी सासरे उभे होते. तिनं अंगठा पुढे केला. माझी आई, जी पोस्टरच्या तळाची बारीक अक्षरंसुद्धा सोडायची नाही. मी खाटेवरून पाहत होते. कळा येत होत्या, म्हणून बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. कळा थांबल्यावरही बोलले नाही, त्याला मात्र कारण सापडत नाही.

सुरुवातीला बोलणं अवघड होतं. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं, पेटी, नाद, मांडवातलं खोटं. पुढे बोलणं अवघड राहिलं नाही, तर विचित्र झालं. नवऱ्याला मी एकदा सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच? मग सांगून टाक की." एवढंच होतं खरं. पण आईलाच विचारलं तर ती म्हणायची, "कायले उकरतं? चांगलं चाललं हाये तुह्यं." आणि मला सुटल्यासारखं वाटायचं.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडेच आली. मुक्कामाचा पाहुणचार संपून कायमचं राहणं सुरू झालं, तरी तिनं खोटं सोडलं नाही. सकाळी पेपर आला की ती गार्गीला हाक मारायची, "बाई, काय लिवलं वं आज, वाच बरं." ओट्यावरच्या बाया जसं तिला म्हणायच्या, तसंच. गार्गीनं शाळेत असताना आजीला साक्षर करायचा चंगच बांधला होता. पाटीवर अ काढून द्यायची. आई तो अ गिरवायची, मुद्दाम वाकडा. एकदा दुपारी सगळे झोपले असताना मी पाहिलं, ती चष्मा लावून, पेपर मांडीवर पसरून वाचत होती. ओठ हलत होते. माझी चाहूल लागताच तिनं पेपरची घडी घातली आणि त्यानं वारा घ्यायला लागली.

आणि आता या उन्हाळ्यात गार्गीचं लग्न. ती पुण्याला असते. मार्चमध्ये आली तेव्हा तिनं फोन माझ्यापुढे धरला. "आई, हे बघ, आपल्या लग्नाची थीम. जुनी सिनेमाची पोस्टरं! सगळी नेटवर मिळतात. मोठी करून छापून घेतेय, रुखवताच्या मागे पूर्ण भिंत." बोटानं ती सरकवत होती आणि माझ्या घराच्या भिंतीचे थर एकेक करून सुटत होते. मला दोन तर अशी दिसली की त्यांच्या पाठीची माती माझ्या नखात गेली होती. माती तेवढी फोनवर नव्हती. मी म्हणाले, "छान आहे." गार्गी म्हणाली, "तुला कळतंय का, हे किती रेअर असतं? लोकांनी तेव्हा जपूनच ठेवलं नाही." मी पोळ्या राहिल्यात म्हणून उठले.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये ती भिंत उभी राहिली. झगमगीत, सपाट, एकही सुरकुती नाही. मोठ्या नणंदबाई आता थकल्यात, पण हौस दांडगी. उघड्या खांद्यांच्या एका नर्तकीशेजारी उभं राहून त्यांनी नातवाकडून फोटो काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "गार्गीनं किती सुंदर केलं बाई! आपल्या वेळी असं काही नव्हतं." चेष्टा नव्हती त्यांच्या बोलण्यात. त्या सगळं विसरून गेल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी माझ्या आईनं आपली अक्षरं टाकून दिली, ती समोरच्यांच्या आठवणीतही उरली नव्हती.

आईला मी हात धरून रुखवतापाशी आणलं. ती भिंतीसमोर थांबली. बराच वेळ नुसती पाहत राहिली, वरून खाली, मग परत वर. गार्गीच्या सासूबाई शेजारी आल्या. नाशिकच्या, शिक्षिका, बोलायला अगदी लाघवी. "आजी, आवडलं का? थांबा, मी वाचून दाखवते तुम्हाला," असं म्हणून त्यांनी पहिल्या पोस्टरवर बोट ठेवलं. गार्गीनंच सांगितलं असणार त्यांना. त्या एकेक अक्षर सावकाश उच्चारू लागल्या, आणि मी पाहिलं, आईचे ओठ त्यांच्या बोटाच्या पुढे पुढे चालले होते.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "तिला वाचता येतं," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "लहानपणापासून येतं. ही पोस्टरं आमच्या भिंतीवर लागायची. मी गोळा करायची. आई वाचून—"

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. या वयातही तिच्या बोटांत जोर आहे. तिनं मान वळवून पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांकडे पाहिलं. नणंदबाई तिथे बसून सरबत पीत होत्या.

"गप वं शोभे," ती पुटपुटली. "तुह्या सासरचे बसून हायेत."

मग विहीणबाईंकडे वळून ती ओशाळं हसली आणि म्हणाली, "तिचं नका आयकू, बाई. वाचा तुम्ही. काय लिवलं म्हनता पुढं?"

विहीणबाईंनी पुन्हा बोट ठेवलं. त्या वाचत राहिल्या, आणि आई मान डोलवत ऐकत राहिली.